काट्याचा हिस्सा वेगळा केला तेव्हा

आमच्या साखर कारखान्यात सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले तेव्हा त्यांना नंबर वाटले ते मी, आणि पुढं त्या नंबरांचे चार तुकडे पाडले तेही मीच. त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नाही. सापडलं असतं तर सोडलं नसतं, माझा स्वभावच तसा आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कारखाना नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडचा, पाटपाण्याच्या भागातला. मी मात्र पाथर्डी तालुक्यातली, म्हणजे जिथं विहिरीत वाकून बघितलं तरी आपलंच तोंड दिसायची मारामार. चार एकर कोरडवाहू होती, तिच्यात बाजरी व्हायची ती पोटाला. दिवाळीच्या पणत्या विझल्या की आई आणि दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) बैलगाडीत भांडीकुंडी टाकून ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचे. मला आत्याकडं ठेवायचे. आत्या चांगली होती हो, तिनं मला कधी उपाशी झोपवलं नाही. पण सहा महिने आई असायची आणि सहा महिने नसायची, आणि नसायची ते महिने मोठे असायचे. शाळेत बाई म्हणायच्या, पालकांना घेऊन या. मी म्हणायचे, पाडव्यानंतर आणते.

दहावी-बारावी करून मी नगरला सावेडीत एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकले आणि त्या जोरावर कारखान्यात चिकटले. कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी, एक पंखा आणि चपला बाहेर काढायची पाटी. दुसऱ्या वर्षी काय योग जुळला बघा, दादांची टोळी ज्या मुकादमाकडं होती त्यानं आमचाच कारखाना धरला. आई-दादा त्या हंगामात माझ्याच कारखान्याला ऊस घालणार! मी क्वार्टरच्या खोलीत एकटीच उड्या मारल्या. वाटलं, आता सहा महिने सलग आई.

कसलं काय. त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, दहा-बारा किलोमीटरवर, कधी या शिवारात, कधी त्या. तिकडं एसटी नाही, आणि हंगामात आम्हाला सुट्टीही नाही. एकदा साहेबांना थाप मारून दुपारी जीप धरून गेले, तर टोळी आदल्या दिवशीच दुसऱ्या गावाला हललेली. तिथं नुसत्या तीन दगडांच्या चुली आणि पाचट. मी त्या चुलीपाशी बसून रडले, खोटं कशाला बोलू.

मग मला यादीचा शोध लागला. उसाच्या गाड्या कारखान्यात आल्या की आधी यार्डाच्या तोंडाशी एका केबिनमध्ये नंबर घ्यायच्या. तिला आम्ही नंबर टेबल म्हणायचो. तिथून रांगेनं काट्यावर, म्हणजे वजनाला. दोन्हीकडं एकेक कॉम्प्युटर होता. गाडीचा क्रमांक, आल्याची वेळ, वजन झाल्याची वेळ, असं सगळं काट्याच्या मशिनमध्ये एका यादीत जमायचं. सगळं नेटवर्क एकच, त्यामुळे ती यादी मला माझ्या खुर्चीत बसून उघडता यायची. दादांच्या गाडीचा क्रमांक चारशे सतरा. दर पाच मिनिटांनी मी यादी उघडायची. चारशे सतरा दिसला की हातातलं टाकून, "केबल बघून येते," असं पुटपुटत यार्डाकडं पळायचं. हातात चहाचा थर्मास. केबल बघायला थर्मास कशाला लागतो, हे सुदैवानं कुणी विचारलं नाही.

एरवी बाया फडातच राहतात, मोळ्या बांधतात. आई मुद्दाम गाडीवर बसून यायची. रांग हलेपर्यंत तासभर मिळायचा, कधी वीसच मिनिटं. गाडीच्या सावलीत बसून ती मला फडक्यातली भाकरी द्यायची, वर लसणाचा ठेचा, आणि मी खात असताना माझ्याकडं बघत राहायची. मला हात लावायची नाही. उसाच्या पाल्यानं आणि चिकटीनं तिचे हात काळे असायचे, माझे कपडे ऑफिसचे. मीच तिच्या मांडीवर डोकं टाकायचे, तर म्हणायची, "अगं बये, केस भरत्याल की!" आणि मग हळूच कोपरानं माझं डोकं जवळ ओढायची.

"तुला कसं कळतं गं, आमी आलो त्ये?" तिनं एकदा विचारलं.

खरं सांगायला काय झालं होतं? पण मला लाडात यायची हुक्की आली. म्हटलं, "कळतं. आपोआप कळतं."

दादा बैलांना पाणी दाखवत होते, ते हसले. आई हसली नाही. "आतड्याची माया हाय ती," ती म्हणाली, आणि गाडी हलेपर्यंत कसलं तरी बक्षीस मिळाल्यासारखी खुश राहिली.

आता यात एक मेख होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. माझे आई-वडील ऊसतोडीला आहेत हे मी ऑफिसात कुणालाही सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, पाथर्डीकडं शेती आहे. खोटं नव्हतंच ते! पण दुपारच्या डब्याला आम्ही चार-पाच जणी बसायचो, आणि यार्डातल्या बायांवरून एकीनं काहीतरी नक्कल केली, पदर खोचून, नाक ओढून. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, पण तेव्हा हसले, आणि एकदा हसल्यावर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. म्हणून ती यादी मला इतकी प्यारी होती. आई कधी येते हे मला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

या सगळ्याची माती झाली ती एका मानपानावरून. प्रत्येक मशिनला नेटवर्कवर एक पत्ता लागतो, चार आकड्यांचा. आमच्याकडं पहिले तीन सगळ्यांचे सारखे, १९२, १६८ आणि १, आणि शेवटचा ज्याचा त्याचा. एक ते दोनशे चोपन्नपर्यंत कुठलाही, फक्त दोघांना एकच देता येत नाही. मी वायर जशी पोचेल तसे नंबर दिले होते. एक नंबर सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांच्या मधल्या मुख्य मशिनला. ऑफिसचे मोठे साहेब सदतीस. आणि आवक-जावकचा क्लार्क बारा, कारण तो दारापाशी बसायचा. हे साहेबांना कुणीतरी सांगितलं. झालं! "क्लार्क बारावा आणि मी सदतिसावा?" मी त्यांना परोपरीनं समजावलं की साहेब, हे पत्ते आहेत, पदं नाहीत. त्यांनी मान डोलावली. आणि मी औषध आणायला गावात गेलेली बघून एकाला बसवून स्वतःच्या मशिनचा नंबर बदलून घेतला. किती केला असेल? एक!

त्यात दुपारी लाईट गेली. परत आली तेव्हा साहेबांचं मशीन आधी सुरू झालं, सर्व्हर मागून. सर्व्हरनं बघितलं, आपला नंबर दुसऱ्यानंच घेतलाय, आणि गप्प बसला. त्याच्यावर चालणारा काटाही बसला. हातानं पावत्या करायची पुस्तकं कुठल्या कपाटात गेली होती ती कुणाला सापडेनात. बैलगाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली.

मी परत येऊन घोळ निस्तरला तोवर तीन तास झाले होते. यार्डात पळाले तर चारशे सतरा रांगेच्या मधोमध. बैल तोंडाला फेस येऊन उभे. दादा एका बैलाच्या मानेखाली हात घालून जू उचलून धरत होते, तेवढाच त्याला आराम. "सोडताबी येईना गं," आई म्हणाली. "रांग कवा हालंल त्याचा नेम न्हाई. मुकी जनावरं हायेत, कुनाला सांगत्याल?" असल्या वेळी माझं डोकं फिरतं. मी तशीच ऑफिसात आले आणि साहेबांसमोर ठणकावून सांगितलं, काटा ऑफिसपासून तोडा. ऑफिसात कुणी काहीही खेळ केला तरी गाड्या थांबता कामा नयेत. हे मी म्हटलं. मी स्वतः.

पुण्याहून इंजिनिअर आला. हुशार मुलगा, बोलायला मऊ. रेघांच्या कागदावर त्यानं मला शिकवलं. म्हणाला, नवे पत्ते आणायची गरज नाही, आहे त्याच पट्टीचे चार हिस्से करू, प्रत्येकाला सबनेट म्हणायचं. सगळ्या मशिनांत एक मास्क भरलेला असतो, म्हणजे आपल्या हिश्श्यात कोण आणि बाहेरचं कोण हे ठरवणारा आकडा, २५५.२५५.२५५.०. त्याच्या शेवटच्या शून्याच्या जागी १९२ घातले की चार हिस्से पडतात, चौसष्ट-चौसष्टचे. काट्याला एक ते बासष्ट, ऑफिसला पासष्ट ते एकशे सव्वीस, लॅबला तिसरा, शेतकी विभागाला चौथा. प्रत्येक हिश्श्याचा पहिला आणि शेवटचा नंबर कुणालाच द्यायचा नाही. पहिला त्या हिश्श्याची स्वतःची ओळख, आणि शेवटचा हाक मारायला. त्या नंबरावर हाक मारली की हिश्श्यातल्या सगळ्यांना ऐकू जाते, बाहेर कुणालाच नाही.

"आणि एका हिश्श्यातून दुसऱ्यात बघायचं असेल तर?" मी विचारलं.

"बघायचं नाहीच ना. त्यासाठीच तर करतोय. सर्व्हरचा एक-एक पाय चारही हिश्श्यांत ठेवू. काट्याची यादी संध्याकाळी पाळी बदलताना एकदाच सर्व्हरवर येईल, तिथून ऑफिसला."

मोठे साहेब मागं उभे होते. त्यांना सांगितलं की ऑफिसच्या हिश्श्यातला सगळ्यात पहिला पत्ता तुमचा, सर्व्हरला आम्ही मुद्दाम शेवटचा दिला आहे. साहेब प्रसन्न झाले. शेतकी अधिकाऱ्यालाही त्याच्या हिश्श्यातला पहिला, लॅबच्या केमिस्टलाही. चार हिस्से पडल्यामुळे चार पहिले नंबर निघाले आणि कारखान्यात शांतता नांदली.

मग इंजिनिअरनं पेन उचललं आणि विचारलं, "मॅडम, तुमचं मशीन कुठल्या हिश्श्यात घालू? ऑफिस की काटा? तुम्हाला काट्याचं काही बघायचं असतं का?"

एवढा साधा प्रश्न. "काटा" म्हटलं असतं तर संपलं असतं, यादी माझ्यासमोर राहिली असती. पण साहेब लगेच म्हणाले, "त्यांना काट्याचं काय काम?" आणि दोघं माझ्याकडं बघायला लागले. कारण एकच होतं. माझी आई येते, ती आलेली मला बघायची असते. जिभेवर आलं होतं हो. अगदी जिभेवर.

मी म्हटलं, "ऑफिस."

त्यानं लिहिलं. एक-एक मशीन बंद करून मी माझ्या हातानं नवे आकडे भरले. काट्याचं शेवटी भरलं. परत जागेवर येऊन यादी उघडून बघितली, उघडली नाही. मग मी एक चोरटा उद्योग केला. माझ्या एकटीच्या मशिनवर जुनाच मास्क ठेवला, म्हणजे त्याला वाटावं की सगळे अजून एकत्रच आहेत. तार तर तीच होती. पण त्यात गंमत अशी झाली की माझी हाक काट्यापर्यंत पोचायची, आणि काटा उत्तर द्यायला जायचा तेव्हा त्याच्या लेखी मी परकी. उत्तर सर्व्हरकडं जाऊन तिथंच मरायचं. स्क्रीनवर ओळीखाली ओळ यायची, उत्तर आलं नाही, उत्तर आलं नाही. अर्ध्या तासानं मी गुपचूप मास्क बदलला.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात, आणि तेच जास्त आठवतात. मी अंदाजानं यार्डात जायचे. कधी अकराला, कधी दोनला. शंभर गाड्या, शंभर बैलजोड्या, आणि आई-दादा नसायचेच. कितीदा निघताना साहेब हाक मारायचे, "तुमची केबल रोजच कशी बिघडते हो?" मग मी खाली बसायचे. संध्याकाळी यादी यायची. चारशे सतरा, आली साडेदहाला. वजन झालं साडेबाराला. म्हणजे दोन तास आई इथं होती, माझ्यापासून पाचशे पावलांवर, आणि मी खुर्चीत बसून कुणाच्या तरी रजेच्या अर्जांची यादी छापत होते. माझा जीव तुटायचा. नंबर टेबलवर जाऊन नुसतं म्हणायचं होतं, चारशे सतरा आली की मला निरोप धाडा. पण तिथं बसणारे विचारणार, का हो मॅडम, तुमचं कोण? तेवढंच म्हणून मी गेले नाही. उद्या जाईन, परवा जाईन. महिना असा गेला.

आणि त्या यादीत मला एक बिघाड दिसायला लागला. बाकीच्या गाड्या आता झटपट निघत होत्या, तास-सव्वा तासात वजन. आमचा इंजिनिअर खरंच हुशार. पण चारशे सतराला वेळ वाढत चालला होता. दोन तास. मग अडीच. एका दिवशी साडेचार तास! तिच्या मागून आलेल्या गाड्या पुढं निघून गेलेल्या. मला वाटलं, काट्याच्या मशिनमध्ये काहीतरी गडबड राहिली. कदाचित त्या क्रमांकाची नोंद दोनदा बसते, कदाचित घड्याळ चुकतंय. बघा, माझी अक्कल कुठं चालली ती! पण एक बरं झालं, जायला कारण मिळालं. खरीखुरी केबल बघायला मी नंबर टेबलवर गेले.

तिथं एक वयस्क गृहस्थ बसायचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी छापलेली यादी त्यांच्यापुढं धरली. म्हटलं, "मामा, या एका गाडीलाच वेळ का लागतोय? तुमच्याकडं नंबर उशिरा पडतो का?"

मामांनी यादी बघितलीच नाही. चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "मशिनचं काय नाही मॅडम. त्या बाई स्वतःहून मागं राहत होत्या. आपला नंबर आला की मागच्याला म्हणायच्या, तू हो पुढं."

"का?"

"तुमच्यासाठी," मामा म्हणाले. "म्हणायच्या, माझ्या पोरीला आपोआप कळतं, आतडं ओढतं तिचं. आज जरा कामात असंल, थोडी थांबले की येईल. मालक चिडायचे, बैल ताटकळतात म्हणून. पण बाई काही हलायच्या नाहीत."

मी हातातली यादी दुमडली. कसंबसं म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं? मी कोण ते?"

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं की त्यांनी. केवढ्या अभिमानानं! आणि लगेच म्हणाल्या, मामा, हापिसात बोलू नका हं, तिला कमीपणा येईल. काट्यावरच्या सगळ्यांना गळ घातली होती. आम्ही कोणी बोललो नाही."

मी विचारलं, आज गाडी कधी येईल. मामा म्हणाले, टोळीचा ऊस संपला, परवा शेवटची खेप झाली, त्या दिवशी साडेचार तास थांबल्या होत्या.

मी तिथंच त्यांच्या बाकड्यावर बसले आणि भर दुपारी, गाडीवानांसमोर, नंबर घ्यायला आलेल्या माणसांसमोर मोठ्यानं रडले. कुणी काही विचारलं नाही.

हंगाम संपल्यावर पाडव्याला गावी गेले. दादांनी आधीच पुढच्या सालाला दुसरा मुकादम धरला होता, कोल्हापूरकडं नेणारा. "तुझ्या कारखान्यावर लई येळ जातो," ते म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता बैलाची वेसण तपासत बसले. आई चुलीपाशी होती. मी तिच्याजवळ जाऊन सगळं सांगितलं. आपोआप काही कळत नव्हतं, यादी होती. ती यादी मीच तोडली. इंजिनिअरनं विचारलं तेव्हा मी ऑफिस म्हटलं. डब्याला हसले तेही सांगितलं. आता ती रागवेल, बोलेल, एक थोबाडीत देईल तर बरं, असं वाटत होतं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. हात धुतले, पदराला नीट पुसले, आणि मग त्या स्वच्छ हातांनी माझा चेहरा धरला.

"येडी का काय तू," ती म्हणाली. "मला सांगायचं की गं. मी मागल्या दारानं आले असते."